समोरच्याचा ब्रेक

फिक्स्ड गिअरच्या सायकलवर पाय आपणहून थांबत नाहीत. आधी चाक थांबतं, मग पाय.

आपल्या नेहमीच्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पायडल मारणं सोडलं तरी सायकल पुढे जात राहते आणि मागून बारीक टकटक ऐकू येते. तो विश्रांतीचा आवाज. फिक्स्ड गिअरमध्ये तो नाही. दातेरी चक्र थेट हबच्या आट्यांवर घट्ट बसवलेलं असतं, आणि पायांनी उलटा जोर लावल्यावर ते सुटू नये म्हणून त्यावर उलट्या आट्यांची कडी आवळलेली असते. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरतंय तोवर पाय. लहान मुलांची तीनचाकी अशीच असते. उतारावर पायडलं गरगर फिरू लागली की पोर पाय वर उचलतं आणि खिदळतं. मोठ्या माणसाला रहदारीत ती सोय नाही.

मग थांबायचं कसं? पायांनीच. फिरत्या पायडलाला मांड्यांनी विरोध करायचा, हळूहळू, चाकाची गती जिरेपर्यंत.

यात एक सुख आहे आणि ते खोटं नाही. चढ कुठे सुरू झाला हे डोळ्यांच्या आधी मांड्यांना कळतं. वारा फिरला, रस्ता ओला झाला, टायरमधली हवा कमी झाली, सगळं तळपायातून वर येतं. इथे वेग फुकट मिळत नाही आणि फुकट सोडताही येत नाही. दोन्हीची किंमत एकाच शरीराने मोजायची. ज्यांनी ही सायकल मनापासून चालवली त्यांना तिचा अभिमान वाटतो, आणि तो रास्त आहे.

रास्त अभिमान तपासणं सर्वांत अवघड.

ही सायकल मुळात व्हेलोड्रोमची, म्हणजे शर्यतीच्या गोल ट्रॅकची. तिथे तिला ब्रेक नसतोच. जपानमध्ये १९४८ साली कोकुरा इथे सुरू झालेल्या केइरिन शर्यतींतही सायकली फिक्स्ड आणि बिनब्रेकच्या. आणि ते योग्य आहे. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात. मधूनच कुणी आडवं येत नाही. कुणाकडेच ब्रेक नसल्यामुळे पुढचा एकदम थांबणार नाही याची मागच्याला खात्री असते. ब्रेक नसणं हा तिथे सर्वांनी मिळून केलेला करार आहे, आणि त्या करारातच सर्वांची सुरक्षितता आहे.

शहराने असा करार केलेला नाही. बसमधून उतरणाऱ्या बाईने, चेंडूमागे धावणाऱ्या मुलाने, काठी टेकत निघालेल्या आजोबांनी तुमच्या सायकलच्या तत्त्वज्ञानाला संमती दिलेली नाही. त्यांना ते माहीतही नाही. ट्रॅकची वस्तू रस्त्यावर आणताना तिच्याबरोबर ट्रॅक आणता येत नाही.

न्यूयॉर्कच्या सायकल-कुरिअरांनी ती रस्त्यावर आणली तेव्हा कारण साधं होतं. भाग कमी, म्हणून बिघाड कमी, खर्च कमी. दिवसभर राबणाऱ्या माणसाला हे पटण्यासारखंच होतं. मग तिच्या सडपातळ बांध्यावर बाकीचे भाळले. गिअर नाहीत, वायरी नाहीत, हॅण्डलवर काही नाही. गरजेपोटी आलेली वस्तू शैली म्हणून राहिली, आणि शैलीत ब्रेकची एक वायरसुद्धा डोळ्यांना खुपू लागली. २०१२ साली ‘प्रीमियम रश’ हा हॉलिवूडपट आला, त्याचा नायक असाच बिनब्रेकचा कुरिअर आहे. पडद्यावर रस्ता ओलांडणारी माणसं दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून बाजूला होतात. खऱ्या रस्त्यावर त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आता गणित. सपाट कोरडा रस्ता, वेग ताशी २० किलोमीटर. पुढच्या चाकाचा चांगला ब्रेक नीट दाबला तर सायकल साधारण ३ मीटरमध्ये उभी करता येते. फक्त मागचं चाक अडवलं तर सुमारे दुप्पट अंतर लागतं. दचकण्यात आणि ठरवण्यात गेलेला वेळ यात धरलेला नाही. तो दोन्हीकडे सारखाच. अंतरातल्या फरकाचं कारण वजनात आहे. सायकल थांबू लागली की भार पुढे सरकतो. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या चाकाला रस्ता धरता येत नाही. मागच्या चाकाच्या भरवशावर थांबणं म्हणजे जे चाक रस्ता सोडायला निघालं आहे त्याच्यावर भिस्त ठेवणं.

मांड्या कितीही कसलेल्या असोत, हे अंतर त्यांच्याने घटत नाही. ताकद पुरेशी असते. कमी पडते ती पकड.

कसलेले स्वार मग चाक घसरवतात. अंग पुढे झोकायचं, बूड खोगिरावरून उचलायचं, मागचं चाक हलकं झालं की पायडलं आडवी अडकवून ठेवायची. टायर रस्त्यावर काळी रेघ ओढत जातं. दिसायला देखणं, करायला कठीण, आणि थांबण्याचा सर्वांत वाईट मार्ग. घसरणारं रबर फिरणाऱ्या रबरापेक्षा रस्ता कमी धरतं. बघणाऱ्याला वाटतं की टायर किंचाळतंय त्या क्षणी सायकल सर्वांत जोरात थांबते आहे. घडत असतं उलट.

या घसरण्याचंही एक सुंदर अंकगणित आहे. पुढे ४८ दाते आणि मागे १६ असतील तर भागाकार बरोबर ३ येतो. पायडलाचा एक फेरा, चाकाचे पूर्ण तीन फेरे, आणि टायरचा तोच भाग पुन्हा जमिनीवर. नेहमी एकच पाय पुढे ठेवून चाक अडवणारा स्वार दर खेपेला टायर त्याच एका जागी झिजवतो, आणि बाकीचं टायर नवंकोरं असताना ती जागा फाटते. पुढे ४७ आणि मागे १७ दाते घेतले तर ही झीज १७ जागी वाटली जाते. या सायकलवर प्रेम करणारे लोक असे आकडे तासन्‌तास मांडतात. मलाही त्यात रमायला आवडतं. पण टायर कसं वाचवावं याचा इतका बारीक हिशेब करणाऱ्याने समोरच्या माणसाचा हिशेब आधी पुरा केलेला असावा, असं मला वाटतं.

अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका सायकलच्या दुकानात शेल्डन ब्राऊन नावाचे कारागीर होते. २००८ साली ते गेले. फिक्स्ड गिअरवर त्यांच्याइतकं प्रेमाने आणि नेमकेपणाने लिहिणारे थोडे. रस्त्यावर चालवायच्या फिक्स्ड सायकलला पुढचा ब्रेक हवाच, हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं आहे. या सायकलची थोरवी त्यांना कुणी शिकवायला नको होती. त्यांनी ब्रेक मागितला, त्याने त्यांचं प्रेम पातळ झालं नाही.

२००६ साली ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहरात हा प्रश्न न्यायालयात गेला. बिनब्रेकची फिक्स्ड सायकल चालवल्याबद्दल एका कुरिअरला दंडाची चिठ्ठी मिळाली होती. तिच्या वकिलांचं म्हणणं असं की गिअर हाच ब्रेक आहे; कायद्याला चाक थांबण्याशी मतलब, कशाने थांबतं याच्याशी नाही. युक्तिवाद हुशार होता. न्यायाधीशांनी तो मानला नाही. स्वाराच्या स्नायूंच्या बळापासून वेगळं असं काही साधन हवं, तरच तो ब्रेक, असा त्यांचा निर्वाळा होता.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. त्यात सायकलच्या पलीकडचं काही आहे. पाय थकतात. पायात गोळा येतो. भीतीने अंग आखडतं. चेन निसटते किंवा तुटते, आणि त्या क्षणी पाय आणि चाक यांचा संबंधच संपतो. ज्याला आपण आपला संयम म्हणतो तो आपल्याच अंगात राहतो, आणि अंग बिघडलं की त्याच्याबरोबर बिघडतो. चांगल्या दिवशी सगळेच वेळेवर थांबतात. साधन लागतं ते वाईट दिवसासाठी. स्वतःवर विश्वास असणं वेगळं, आणि दुसऱ्याच्या जिवाची हमी त्या विश्वासावर देणं वेगळं.

लंडनमध्ये फेब्रुवारी २०१६ मध्ये ओल्ड स्ट्रीट या रस्त्यावर दोन मुलांची आई रस्ता ओलांडत होती. अठरा वर्षांचा एक मुलगा फिक्स्ड गिअरची ट्रॅकची सायकल घेऊन आला. पुढचा ब्रेक नव्हता. धडक झाली, तिच्या डोक्याला मार लागला, आणि आठवड्याभराने इस्पितळात तिचा मृत्यू झाला. ४४ वर्षांची होती. ब्रिटनचा १९८३ चा नियम अगदी सरळ आहे: फिक्स्ड चाकाच्या सायकलला पुढच्या चाकावर ब्रेक हवा. मागच्या चाकाचं काम पायांवर सोडायला कायद्याची तयारी आहे, पुढचं चाक मात्र तो पायांच्या भरवशावर सोडत नाही. २०१७ साली ज्युरीने त्या मुलाला सदोष मनुष्यवधातून मुक्त केलं आणि बेदरकार वाहन हाकल्याबद्दल दोषी धरलं. कलम १८६१ च्या कायद्यातलं, घोडागाड्यांच्या काळातलं. शिक्षा दीड वर्षाची झाली.

पुढचा ब्रेक असता तर ती वाचली असती का, यावर त्या वेळी पुष्कळ वाद झाला. त्या वादात मला शिरायचं नाही. मला एवढंच दिसतं की हा प्रश्न उरलाच नसता अशी व्यवस्था एका वायरीच्या आणि एका कॅलिपरच्या अंतरावर होती. ब्रेक दाबला जातो रस्त्यावर. तो असावा की नसावा, हे मात्र घरून निघण्याच्या पुष्कळ आधी, निवांतपणे, आरशासमोर ठरलेलं असतं. तेव्हा तिथे समोरचा माणूस नसतो.

जपानच्या कायद्याने हीच गोष्ट मोजून सांगितली आहे. कोरड्या, सपाट, फरसबंद रस्त्यावर ताशी १० किलोमीटर वेग असताना ब्रेक दाबल्यापासून ३ मीटरच्या आत सायकल थांबली पाहिजे, आणि ब्रेक पुढच्या व मागच्या दोन्ही चाकांना हवा. केइरिनच्याच देशात हा नियम आहे, आणि रस्त्यावर बिनब्रेकच्या ट्रॅक-सायकली वाढल्या तेव्हा, २०११ च्या सुमारास, पोलिसांनी तो कडकपणे लावला. ट्रॅकचा मान ट्रॅकवर आणि रस्त्याचा रस्त्यावर, हे त्या देशाला जमलं.

हा पुढचा ब्रेक डिस्कचा, म्हणजे हबजवळच्या तबकडीला पकडणारा असावा, असं मला वाटतं. पुढचा ब्रेक हवा हे मान्य करणारेही डिस्कचं नाव काढलं की थबकतात. रिमला पकडणारा हलकासा ब्रेक पुरे की, म्हणतात. कोरड्या रस्त्यावर तो पुरतो, हे मान्य.

पण शहरात पाऊस असतो. आपल्याकडे पावसाळ्यात शाळेची सायकल चालवलेल्या कुणालाही हे सांगायला नको. दांडीचा ब्रेक, चकचकीत स्टीलची रिम, ब्रेक पूर्ण दाबलेला, आणि सायकल आपली चाललेली. रिम ओली झाली की ब्रेकचं रबर आधी पाणी पुसतं आणि मग पकडतं. स्टीलच्या रिमवर ते धड पकडतही नाही. अल्युमिनियमची रिम बरीच बरी, पण पुसण्याचा तो पहिला वेळ तिथेही जातोच. त्या वेळात चाक फिरत असतं, आणि रस्ता संपत असतो.

डिस्कची तबकडी हबजवळ असते, डबक्यापासून दूर. ती लहान आणि कठीण. तिच्या दोन्ही बाजूंचे पॅड केसभर अंतरावर उभे असतात, पाणी टिकायला जागाच नसते. ओल्यातही ब्रेक लवकर धरतो, आणि दर वेळी सारखाच धरतो. मला त्यातलं हे दुसरं अधिक महत्त्वाचं वाटतं. ब्रेकचं सामर्थ्य म्हणजे नुसता जोर नव्हे. एका बोटाने किती दाबलं तर किती थांबेल हे आधीच माहीत असणं, हे खरं सामर्थ्य. शिवाय रिम झिजत नाही. रिम-ब्रेकमध्ये प्रत्येक थांबण्याबरोबर रिमची भिंत थोडी खरवडली जाते, पावसाळी चिखलात तर कानसच चालते. चाकाला थोडा आऊट आला तरी डिस्कला फरक पडत नाही, आणि आपल्या रस्त्यांवर चाकाला आऊट यायला वेळ लागत नाही.

दोष आहेत, ते लपवू नयेत. वजन वाढतं. तबकडीला चेनच्या तेलाचा थेंब लागला की ब्रेक ओरडतो आणि धरत नाही. पॅडनी तेल शोषलं असेल तर बदलावेच लागतात. तबकडी किंचित वाकली तरी दर फेऱ्याला खर्रखर्र घासते, आणि फिक्स्ड सायकलच्या शांततेत ती खरखर फार बोचते. सर्वांत मोठी गोष्ट पुढच्या चिमट्याची. डिस्कचा कॅलिपर चिमट्याच्या डाव्या पायाला, खाली बसतो आणि सगळा जोर त्या एकाच पायावर टाकतो. जुन्या, सडपातळ, ट्रॅकच्या चिमट्याला कुणाकडून तरी कान डागून घेऊन डिस्क बसवणं हा जिवाशी खेळ आहे. २००३ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅनन यांनी दाखवून दिलं की नेहमीच्या रचनेत डिस्कचा ब्रेक पुढच्या चाकाला चिमट्याच्या खाचेतून बाहेर ढकलू पाहतो. आज त्यावर उपाय आहे: आरपार जाणारा जाड आस. चिमटाच डिस्कसाठी घडवलेला असला पाहिजे. नसेल तर रिम-ब्रेक लावावा, आणि तो नीट राखावा. बिनब्रेकपेक्षा तो हजारपटीने शहाणा.

मागच्या चाकाला डिस्क? या सायकलवर मला ती अनावश्यक वाटते. फिक्स्ड सायकलची चेन ताणायला मागचं चाकच आडव्या खाचेत मागेपुढे सरकवावं लागतं. चाक सरकलं की तबकडी सरकते, आणि कॅलिपर जागचा जागी. खाचेसकट सरकणाऱ्या रचना आहेत, पण त्या आल्या की साधेपणा गेला. मागे पाय आहेत. पायांना त्यांचं काम करू द्यावं.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. डिस्कच्या अनेक हबांवर तबकडीसाठी सहा बोल्टांची जागा असते. काही कारागिरांनी त्याच सहा भोकांचं दातेरी चक्र बनवलं, आणि मागचं चाक उलटं फिरवून तबकडीच्या जागी ते आवळलं. थांबवण्यासाठी पाडलेल्या भोकांवर फिक्स्ड गिअर उभा राहिला. आटे फाटण्याची भीती नाही, कडी सैल होण्याची नाही. फिक्स्ड गिअर आणि डिस्क एकमेकांचे वैरी आहेत असं मानणाऱ्यांनी हे हब एकदा हातात घेऊन पाहावं.

रस्त्यावर दोघांची कामं आपोआप वाटली जातात. सिग्नल दुरून दिसतो, पुढे गर्दी दाटते, वळण येतं, तेव्हा पाय वेग उतरवतात. त्यात घाई नसते, आणि या सायकलचं सगळं सुख तिथे जसंच्या तसं असतं. अचानक कुणी आडवं आलं तर बोट. वेग कमी करणं ही सवय आहे, थांबणं ही जबाबदारी. सवय शरीरावर सोपवावी. जबाबदारी साधनावर.

अशा वेळी जे घडतं ते दुसऱ्या कोणत्याही सायकलवर घडत नाही. डिस्क पुढचं चाक धरते. त्याने सायकल थांबते, सायकलने मागचं चाक, मागच्या चाकाने चेन, आणि चेनने पाय. हाताच्या एका बोटाने आपलेच पाय थांबवलेले असतात. नवा माणूस त्या क्षणी पायांनीही जोर लावतो. तो लावू नये. भार पुढे गेलेला असतो, मागचं चाक हलकं असतं, जरा विरोध झाला की ते घसरतं. पाय सैल सोडावेत, चाकाबरोबर मंदावू द्यावेत. ज्यांना सगळं पायांनीच करायची सवय आहे त्यांना हे सर्वांत जड जातं.

सौंदर्याची तक्रार मला कळते. केइरिनची जुनी, हातांनी घडवलेली चौकट पाहिली की तिच्यावर काही लावावंसं वाटत नाही. तिच्यावर लावूही नये. ती ट्रॅकवर न्यावी, किंवा भिंतीवर ठेवावी आणि डोळे भरून पाहावी. शहरासाठी दुसरी घ्यावी: डिस्कचा चिमटा, रुंद टायर, चिखल अडवणारे मडगार्ड, आणि मागे फिक्स्ड गिअर. तीही सुंदर दिसते.

तुम्ही अशी सायकल बांधणार असाल तर शेवटी एवढंच ऐका. नवी तबकडी आणि नवे पॅड पहिल्या दिवशी पूर्ण धरत नाहीत. मोकळा, सपाट रस्ता गाठा, बऱ्यापैकी वेग घ्या, ब्रेक एकसारखा दाबत जवळजवळ थांबेपर्यंत या, आणि पुन्हा वेग घ्या. असं वीसेक वेळा करा, म्हणजे पॅडचा थर तबकडीवर चढतो आणि पकड येते. तबकडी तापलेली असेल, तिला बोट लावू नका. हे झाल्यावरच सायकल गर्दीत न्या.